कॅनमधला मानकरी

राजकन्येच्या हातात खडू फार वेळ टिकत नसे. जे फळ्यावर चित्र काढून भागतं, ते वस्तू समोर धरून दाखवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. हवेचा दाब शिकवायचा म्हटला की घरातला तेलाचा पत्र्याचा डबा शाळेत जाऊन चेपून परत यायचा, आणि ग्रहणाच्या धड्याला खिचडीचं पातेलं सूर्य व्हायचं. मग स्वयंपाकाच्या बाई दारात खोळंबून उभ्या. "बाई, सूर्य मोकळा झाला की द्या, तांदूळ धुऊन ठेवलेत," असं त्यांनी म्हटलं की सातवीचा वर्ग हसून लोळायचा.

धनेवाडी म्हणजे देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला पाठ टेकून बसलेलं गाव. राजकन्या मूळची निलंग्याची, शिकली नांदेडला, आणि लग्न होऊन आली ती अण्णाराव आणि सिंधुबाईंच्या घरात. नवरा हनुमंत नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात होता, तो सुट्टीपुरता गावी यायचा. सासऱ्यांना ती मामा म्हणे आणि सासूला आत्याबाई.

नांदेडच्या कॉलेजात असताना एकदा द्रव नायट्रोजनचा प्रयोग झाला होता. शून्याच्या खाली एकशे शहाण्णव अंश! पण पोरांनी टेबलाला असा गराडा घातला की मागं बाकावर चढून उभ्या राहिलेल्या राजकन्येला दिसला तो नुसता धूर, आणि ऐकू आलं ते पुढच्यांचं "अरे बापरे". ते "अरे बापरे" तिच्या मनात इतकी वर्षं सलत होतं. आपल्या पोरांना हे पहिल्या बाकावरून बघायला मिळालं पाहिजे, असं तिनं शाळेत बाई म्हणून लागल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

गंमत अशी की नायट्रोजन काही लांब नव्हतं. देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यातले वीरेश डॉक्टर ते मोटरसायकलला बांधून रोज गावोगाव हिंडत होते. गाव त्यांच्या कॅनला ‘डॉक्टरची घागर’ म्हणे. कुणाची गाय माजावर आली की डॉक्टर यायचे, घागरीचं झाकण काढायचे, आतून पांढरा धूर निघायचा, आणि त्या धुरातून चिमट्यानं एक बारीक कांडी काढून ते गाय भरवायचे. कांडीत वळूचं बीज. वळू कुठं तरी लांब, कधी कधी मरूनही गेलेला, आणि वासरू इथं आपल्या गोठ्यात. पण याचं कुणाला नवल वाटेनासं झालं होतं. रोजचा झाला की माणसाला देवही जुनाच वाटतो, मग घागरीचं काय घेऊन बसलात!

अण्णारावांच्या घरात मात्र त्या घागरीला मान होता, कारण तिच्यात मानकरी होता.

मानकरी म्हणजे अण्णारावांचा देवणी वळू. अंगानं पांढराशुभ्र, तोंडाच्या बाजूला तेवढा काळा. जाणकार त्याला वानेरा म्हणतात. प्रदर्शनात त्याचा पहिला नंबर आला त्या दिवशी मामांनी घरात पाऊल टाकायच्या आधी गोठ्यात जाऊन त्याच्या कपाळाला कपाळ लावलं होतं. लंपीच्या साथीत तो गेला. त्याआधी सरकारी केंद्रात त्याच्या कांड्या भरून घेतलेल्या होत्या. त्या चार गावांत वाटल्या गेल्या, संपत आल्या, आणि शेवटच्या दोन वीरेश डॉक्टरांनी मामांसाठी राखून ठेवल्या. त्यातली एक उन्हाळ्यात देवकी गाईला भरवली, पण देवकी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. आता कांडी उरली होती एकच. देवकीचंही वय झालेलं, तिचं फार तर हे शेवटचं वेत. मामांना जन्मात आता दुसरं काही नको होतं. मानकऱ्याचं एक वासरू आपल्या दावणीला बांधलेलं बघायचं, एवढंच.

पितरांच्या पंधरवड्यात लातूरहून नायट्रोजनची गाडी आली. दवाखान्याचा कॅन भरून झाल्यावर वीरेश डॉक्टर छोट्या कॅनमध्ये थोडं घेऊन शाळेत आले. पितरांच्या दिवसांत कसला नवा कार्यक्रम, असं दोघातिघांनी म्हणून पाहिलं, पण बघायला तेही आले. मामांना पहिल्या रांगेत खुर्ची होती. घागरीशी त्यांचं नातं साऱ्या गावाला ठाऊक होतं.

राजकन्येनं हातात डॉक्टरांचे चामडी मोजे चढवले, डोळ्यांना हनुमंतचा मोटरसायकलचा गॉगल लावला. पोरं तिला बघूनच हसायला लागली. मग तिनं कॅन वाकवून पातेल्यात नायट्रोजन ओतलं, तसा धूर टेबलावरून खाली सांडत पोरांच्या पायांपर्यंत गेला आणि हसू जागच्या जागी थांबलं. फुगलेला फुगा आत बुडवला तर सुकल्या लिंबासारखा आकसला, आणि बाहेर काढून ठेवला तर आपोआप टरारून फुगला. रबरी नळीचा तुकडा बुडवून हातोडीनं मारला तर काचेसारखा फुटला. "अरे बापरे!" पोरं ओरडली. राजकन्येला वाटलं, झालं, फिटलं नांदेडचं.

पण रंगात आलेल्या माणसाला थांबायचं कुठं ते कळत नाही. सातवीतली करिश्मा घरून लालभडक जास्वंद घेऊन आली होती. राजकन्येनं ते देठाला धरून आत बुडवलं, वर काढलं, साऱ्या वर्गाला फिरवून दाखवलं. फूल होतं तसंच, तितकंच लाल, तितकंच ताजं. मग तिनं ते मुठीत धरून मूठ आवळली. भाजलेला पापड मोडावा तसा आवाज झाला, आणि टेबलावर लाल चुरा पडला.

टाळ्या थांबेनात. एकट्या मामांचे हात मांडीवर होते. ते उठून टेबलापाशी आले, बोटानं तो चुरा सारून बघितला आणि डॉक्टरांना म्हणाले, "मानकरी ह्याच्यातच बुडवून ठेवलाय न्हवं?"

"हाव बाबा, ह्याच्यातच. एकदम सुरक्षित हाय," वीरेश डॉक्टर हौसेनं म्हणाले.

मामांनी मान हलवली आणि ते घरी निघून गेले. ऊन लागलं असेल, असं राजकन्येला वाटलं.

दोनच दिवसांनी देवकी हंबरायला लागली. तीन आठवड्यांनी येणारा माज, त्यात म्हातारी गाय. कांडी भरवायची ती याच वेळी, असं कधीचं ठरलेलं होतं. राजकन्या शाळेतून आली तेव्हा वीरेश डॉक्टर अंगणात चहाचा कप हातात धरून गोंधळलेल्या चेहऱ्यानं उभे होते, आणि मामा गोठ्याच्या दारात आडवे बसले होते.

"आलात तसं च्या घ्या आन् जावा, डॉक्टर. न्हाई भरवायची."

"का हो बाबा? माज चांगला दिसून राहिलाय."

"मेलेल्याला किती बार मारायचं?" मामा म्हणाले. "बघितलं म्या शाळेत. आत गेलेल्याचा चुरा होतो. मानकऱ्याचं काय उरलं आसंल त्येच्यात? तवा बी न्हाई ऱ्हायली देवकी. आता कळलं कामून न्हाई ऱ्हायली."

राजकन्या पिशवी खांद्यावर तशीच ठेवून मामांच्या समोर उकिडवी बसली आणि समजवायला लागली. फुलात पाणी असतं मामा, त्या पाण्याचा बर्फ होतो, तो बर्फ फुलाला आतून फाडतो. बीज तसंच बुडवत नाहीत. त्यात आधी अंड्याचा बलक घालतात, ग्लिसरीन घालतात, म्हणजे बर्फाचे काटे होत नाहीत. मरत नाही ते, झोपतं.

मामांनी सारं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फूल बी जितंच हुतं की, पोरी. माझ्या डोळ्यांदेखत चुरा झाला. दुसऱ्या कुणी दाखवलं आसतं तर म्या हसून सोडून दिलं आसतं. तू दाखवलंस म्हणून तर पटलं."

हे मात्र तिला फार लागलं, कारण ते खरं होतं. टीव्हीवर पावसाचा अंदाज ऐकून झाला तरी मामा तिला विचारायचे, "तुजं काय म्हणणं?" पारावर वाद निघाला की म्हणायचे, आमच्या राजकन्येला इच्यारू. ज्या माणसानं तिच्या शब्दाखातर ग्रहणात जेवून दाखवलं, त्याच माणसाच्या मनातून तिनं त्याचा मानकरी दुसऱ्यांदा मारला होता. करायला गेले गणपती अन् झाला मारुती! वीरेश डॉक्टरांनी कप ठेवला, कॅन मोटरसायकलला बांधला आणि ते गेले. देवकी रात्रभर हंबरत राहिली आणि दुसऱ्या दिवशी शांत झाली.

रात्री फोनवर हनुमंत म्हणाला, "अगं, बाबांच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं. तूच बसवलंस, आता तूच काढ."

"काढते," ती म्हणाली. कसं काढायचं ते तिला मुळीच माहीत नव्हतं. आणखी एखादा प्रयोग दाखवावा म्हटलं तर मामांनी हात जोडले होते. "आता तुजा प्रयोग बिलकूल नको, माय."

दिवस जात होते. घरात नवरात्राची झाडलोट निघाली. एका दुपारी सिंधुबाई ओसरीवर बसून घटासाठी धान निवडत होत्या. गहू आणि जोंधळा, दोन्ही घरचे. राजकन्या मदतीला बसली. हातात गव्हाचे दाणे घोळवत होती, आणि घोळवता घोळवता तिचा हात थांबला. दाणा कोरडा ठणठणीत होता. दातांखाली धरला तर कटकन वाजला. यात पाणी कुठं आहे? पाणी नाही तर बर्फ कसला, आणि बर्फ नाही तर फाडणार कोण? आणि तरी दाणा जिवंत आहे. मातीत घातला की उठून बसतो.

मामा तिचा प्रयोग बघणार नव्हते. पण घट ते बघणारच होते. पेरणीआधी सोयाबीनचे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघणारा माणूस तो. घटाकडं तर ते नऊही दिवस सकाळ-संध्याकाळ बघायचे. घट दाट आला तर वर्ष चांगलं, विरळ आला तर तोंड बारीक.

"आत्याबाई," ती म्हणाली, "एक सांगू? रागवू नका."

सिंधुबाईंनी ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. "घट म्हंजे खेळ हाय का गं? न्हाई उगवला तर? देवीला काय सांगू, सुनंनं शाळंचा धडा घातला म्हणून?"

"सगळा नको. अर्धाच. दाराकडच्या बाजूला माझं धान, भिंतीकडच्या बाजूला घरचं. म्हणजे ताडूनही बघता येईल."

सिंधुबाईंनी गोठ्याकडं बघितलं. गेले कित्येक दिवस नवरा जेवताना दुसरी भाकरी मागत नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"उगवंल?"

"उगवेल."

"पक्कं?"

"पक्कं," राजकन्या म्हणाली. बियाणं असं गोठवून वर्षानुवर्षं सांभाळतात, हे तिनं वाचलं होतं. पण वाचलेलं वेगळं आणि सासूच्या घटात घातलेलं वेगळं.

"आण तर आधी," एवढंच सिंधुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं ओंजळभर धान पातळ फडक्यात बांधलं आणि देवणी गाठली. वीरेश डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं, मग कपाळ खाजवलं, मग हसले. कॅनच्या आत लांब दांड्याच्या डब्या लोंबत असतात, त्यातल्या एकीत कांड्या नव्हत्या. तिच्यात पुरचुंडी ठेवून त्यांनी डबी हळूच खाली सोडली. "इतकी वर्षं नोकरी झाली मॅडम, गहू थंड करायला पहिल्यांदाच ठेवून राहिलो." शेजारच्या डबीत मानकऱ्याची कांडी होती. दोघांची गाठ पडली म्हणायची.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पुरचुंडी बाहेर आली तेव्हा दगडासारखी कडक होती. जरा वेळानं फडकं मऊ झालं. राजकन्येनं दाणे उलटून पालटून बघितले. दिसायला काहीच फरक नव्हता, पण जास्वंदही दिसायला तसंच होतं, हे तिला आठवलं.

सकाळी सिंधुबाईंनी न्हाऊन, सोवळ्यानं, दार लोटून घेऊन एकटीनं घट बसवला. टोपलीत वावरातली काळी माती, मातीत धान, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, शेजारी अखंड दिवा. मामांनी हात जोडले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

दुसरी माळ झाली, माती काळी ती काळीच. तिसऱ्या माळेला शेजारच्या नागाबाई हळदीकुंकवाला आल्या आणि म्हणाल्या, "आमचा तर वर डोकावला बाई." त्या दिवशी राजकन्येला शाळेत हजेरी घेतानाही नावं आठवेनात. घरी आल्या आल्या तिनं देवघरात वाकून बघितलं. दाराकडची बाजू कोरी होती. पण भिंतीकडची बाजूही कोरीच होती! तिच्या जिवात जीव आला. घरचंही अजून उगवलेलं नाही, म्हणजे दोष थंडीचा नाही, मातीच जरा कोरडी राहिली असेल. ताडून बघायला दोन बाजू असल्या की विज्ञानाला असा आधार असतो, असं तिनं स्वतःला बजावलं आणि चहा घेतला.

मामा मात्र संध्याकाळी घटापुढून उठले ते तोंड बारीक करूनच. सिंधुबाईंनी हाताच्या ओंजळीनं घटाभोवती थोडं पाणी शिंपडलं. त्यांचे ओठ हलत होते.

चौथ्या माळेच्या सकाळी सिंधुबाईंची हाक आली. राजकन्या तोंडात ब्रश घेऊनच धावली. मातीला भेगा पडल्या होत्या आणि भेगांतून पांढुरकी टोकं वर आली होती. दाराकडं आली होती, भिंतीकडंही आली होती. राजकन्येनं सासूला तिथंच मिठी मारली. "अगं, सोवळ्यात हाय मी!" सिंधुबाई ओरडल्या, पण त्यांनी तिला दूर केलं नाही.

मग घट थांबलाच नाही. दसऱ्यापर्यंत तो असा माजला की मधला घट धानात बुडून गेला. दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. आमच्याकडं त्या दिवशी घटाचं धान उपटून बाप्ये आपल्या पटक्यात, टोपीत तुरा म्हणून खोवतात. मामा नवा पटका बांधून देवघरात बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला दिसला. हनुमंतही नांदेडहून आलेला होता.

"पाऊसकाळातले घट बघितले, दुष्काळातले बघितले," मामा म्हणाले. "पर असा दाट घट म्या लई वर्सांत बघितला न्हाई." त्यांनी मूठभर धान उपटलं आणि डाव्या कानावर पटक्यात खोवलं.

राजकन्या पुढं सरकली. "मामा, एक सांगायचंय. तुम्ही उपटलंत ते दाराकडचं. ते धान मी मानकऱ्याच्या कॅनमध्ये बुडवून ठेवलं होतं. चांगलं दोन-तीन दिवस. भिंतीकडचं घरचं आहे, साधं. दोन्हीत काही फरक दिसतो का, तुम्हीच बघा."

मामांचा हात पटक्याकडं गेला.

"भिंतीकडचं बी तिचंच हाय," सिंधुबाई म्हणाल्या.

राजकन्या गर्रकन वळली. "म्हणजे? आत्याबाई, आपलं अर्धं-अर्धं ठरलं होतं!"

"तू ठरवलं हुतं. म्या आण म्हणले फकस्त. देवीपुढं बसले आन् वाटलं, अर्धं इमान कसं ठिवायचं? सुनंचं खरं तर सगळंच खरं. सगळं तुजंच पेरलं."

"अहो पण मग ताडून कशाशी बघायचं?" तिच्यातली बाई जागी झाली. तिसऱ्या माळेला आपण कोणत्या आधारावर चहा प्यायलो होतो, ते आता तिच्या ध्यानात आलं.

"त्ये काय समोर बसलंय," सिंधुबाईंनी मामांकडं बोट केलं. "जन्म गेला घट बघण्यात. इच्यार त्येंना."

मामांनी पटक्यातला तुरा काढला. त्यातला एक कोंब वेगळा केला, खिडकीच्या उजेडात धरला, मुळ्यांना लागलेली माती अंगठ्यानं पुसली. मुळ्या पांढऱ्याशिप्पट होत्या. त्यांनी तो कोंब नाकाशी नेला, मग पुन्हा मुळीकडं बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

"मानकऱ्यासंगं हुतं हे धान?"

"शेजारच्याच डबीत, मामा."

गोठ्यातून देवकीचं हंबरणं ऐकू आलं. सकाळपासून ती तशीच हंबरत होती, आणि घरातला प्रत्येक जण ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. मामांनी तुरा पुन्हा पटक्यात खोवला, आधीपेक्षा जरा वर.

"हनुमंता, डॉक्टरला फोन लाव."

सणाचा दिवस असूनही वीरेश डॉक्टर आले. अंगणात कांडी वितळवायला पाण्याचा तांब्या कोमट करून ठेवलेला होता. डॉक्टरांनी घागरीचं झाकण काढायला हात घातला तेव्हा मामा म्हणाले, "थांबा जरा." त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढलं आणि वाकून कॅनवर ठेवलं. "सोनं घे, मानकऱ्या. सोन्यासारखा ऱ्हा." डॉक्टरांनी ते पान अलगद उचलून स्वतःच्या शर्टाच्या खिशात जपून ठेवलं आणि मग झाकण काढलं. धुरातून कांडी वर आली. या वेळी मामा गोठ्याच्या दारात आडवे बसले नाहीत. देवकीची मान धरून तिच्या कानामागं खाजवत राहिले.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली, तेव्हा मामांनीच टुमणं लावलं. पोरांना अर्धंच शिकवलंस, म्हणाले. फुटलेलं फूल घेऊन घरी गेली ती, त्येंच्या मनात तेवढंच ऱ्हायलं आसंल. म्हणून लातूरची गाडी आल्यावर पुन्हा टेबल मांडलं, पुन्हा गॉगल चढला, पुन्हा धूर सांडला. या वेळी गहू मामांनी स्वतः निवडून आणला होता. आधी एक जास्वंद फोडून दाखवलं. मग गव्हाची पुरचुंडी बुडवून काढली, आणि शेजारी आठवडाभर आधी असाच बुडवून पेरलेला गहू ठेवला. कुंडीत तो हिरवागार वर आलेला होता. पहिली टाळी मामांची पडली.

करिश्मा उभी राहिली. "बाई, मग फूल कामून फुटलं आन् गहू कामून न्हाई?"

राजकन्येनं तोंड उघडलं, पण पहिल्या बाकावरून आवाज आला.

"फूल वल्लं हुतं," मामा म्हणाले. "गव्हानं जायाच्या आधी अंगातलं सगळं पाणी सोडून दिलं हुतं. मानकऱ्याच्या बीजाला डॉक्टरांनी अंड्याचं पांघरूण घातलं हुतं. तयारीनं गेलं की म्हागारी येता येतं."

राजकन्येच्या हातात खडू होता, पण लिहायला काही उरलं नव्हतं. इतकं साधं तिला आयुष्यात कधी सांगता आलं नव्हतं, आणि तिला त्याचा जराही हेवा वाटला नाही.

"आन् आबा, तुमच्या गाईचं काय झालं?" मागून कुणी तरी विचारलं.

त्याची बातमी गावाला अजून फुटलेली नव्हती. दसऱ्यानंतर दोन माजांचे सहा आठवडे उलटून वर चार दिवस गेले होते आणि देवकी पुन्हा हंबरली नव्हती. तपासणी व्हायची होती, पण वीरेश डॉक्टर सकाळीच तिच्याकडं बघून हसले होते, आणि मामा तर आदल्या रात्री दुसरी भाकरी मागून जेवले होते.

मामा बाकावरून उठले, पटका सारखा केला आणि वर्गाकडं तोंड करून म्हणाले, "देवकी उलटली न्हाई. वासरू झालं की शाळंत घिऊन येतो. नुसतं सांगून भागायचं न्हाई. तुमच्या बाईंला हातात धरून दाखवायची खोड हाय."